पंखे फिरतात, दिवे लागतात, डिस्प्ले मात्र येत नाही: नवा मदरबोर्ड बसवल्यावरचा नेहमीचा त्रास

कॉम्प्युटर जोडून झाला, बटण दाबलं, पंखे फिरले, रॅमवरचे रंगीत दिवेही लागले, आणि मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’. याहून वैतागवाणा प्रकार म्हणजे दोनदा येत नाही, तिसऱ्यांदा येतो, दिवसभर नीट चालतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. यावरचा निष्कर्ष ठरलेला असतो: बोर्ड गेला. मग बोर्ड बदलून येतो, तोच प्रोसेसर आणि तीच रॅम पुन्हा तशीच त्यावर बसते, आणि तक्रार जिथल्या तिथे राहते.

डिस्प्ले येत नाही यावरून एवढंच कळतं, की मशीन सुरू होताना वाटेत कुठेतरी अडलं. कुठे अडलं हे समजेपर्यंत काहीही विकत आणू नका आणि एका वेळी दोन गोष्टी बदलू नका. दोन बदलल्या आणि मशीन सुरू झालं, तर कशामुळे झालं ते कळत नाही, आणि ज्याला हाच त्रास पुन्हा पुन्हा होतोय त्याच्यासाठी ते न कळणंच महागात पडतं.

वाट कशी असते ते थोडक्यात. भिंतीवरचं बटण चालू असलं की एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत असतो. कॅबिनेटचं बटण दाबलं की बोर्डावरच्या दोन पिना क्षणभर जोडल्या जातात आणि बोर्ड एसएमपीएसला सुरू व्हायला सांगतो. सगळे व्होल्टेज स्थिर झाले की एसएमपीएसकडून ‘पॉवर गुड’चा संकेत येतो, आणि मगच प्रोसेसर रिसेटमधून सुटून बायोस (बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम) वाचायला लागतो. बायोस रॅम ओळखतो, तिचं ट्रेनिंग करतो (म्हणजे तिच्याशी बोलण्याच्या सिग्नलची वेळ जुळवतो), मग ग्राफिक्स सुरू करतो, मग डिस्क शोधतो. पंख्यांना यातलं काहीच लागत नाही. १२ व्होल्ट मिळाले की ते फिरतात, पुष्कळ बोर्डांवर प्रोसेसर सॉकेटमध्ये नसला तरीही.

बऱ्याच नव्या बोर्डांवर, बहुधा २४ पिनच्या मोठ्या कनेक्टरच्या आसपास, चार बारीक दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीआरएएम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (डिस्क). सुरू होताना ते एकेक करून लागतात आणि विझतात. जो लागून राहिला तिथे गाडी अडली. काही महाग बोर्डांवर दोन आकड्यांचा डिस्प्ले असतो, त्याचे अर्थ मॅन्युअलमध्ये मिळतात. एएमआय कंपनीच्या अनेक बायोसमध्ये ५५ म्हणजे रॅम सापडली नाही. बोर्ड निवडताना माझा एक हट्ट असतो: हे चार दिवे नसलेला बोर्ड घ्यायचा नाही, मग त्यावर रंगीत रोषणाई कितीही असो. पहिल्याच अडचणीला त्यांची किंमत वसूल होते.

व्हीजीएचा दिवा, किंवा सगळे दिवे विझलेले आणि तरी काळा पडदा

इथे आधी केबल बघा. ग्राफिक्स कार्ड लावलेलं असेल तर मॉनिटरची केबल कार्डातच लागली पाहिजे. कार्ड दिसलं की पुष्कळ बोर्ड आतलं ग्राफिक्स बंद करून टाकतात, त्यामुळे बोर्डाच्या एचडीएमआयला लावलेली केबल तशीच मुकी राहते. कार्डच नसेल, तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते तपासा. इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असेल (१२४००एफ, १३४००एफ) तर त्यात ग्राफिक्स नाही. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत ते फक्त जी असलेल्या मॉडेलांत आहे. रायझन ७००० पासून बहुतेक सगळ्यांत छोटंसं ग्राफिक्स आलं, पण ७५००एफसारख्या मॉडेलांत ते नाही. बोर्डाच्या मागे एचडीएमआयचं तोंड आहे म्हणून तिथून चित्र येईलच, हा गैरसमज फार पसरलेला आहे. ते तोंड बोर्डाचं असलं तरी चित्र प्रोसेसरकडून येतं.

कार्ड उभं बसवण्यासाठी रायझर केबल वापरली असेल तर पहिला संशय तिच्यावर घ्या. केबल पीसीआयई ३ च्या, म्हणजे कार्ड-बोर्ड जोडणाऱ्या मार्गाच्या तिसऱ्या पिढीच्या वेगाची आणि बोर्ड व कार्ड ४ च्या वेगाचे असले, की दोघं आपसात ४ चा वेग ठरवतात आणि केबलला तो झेपत नाही. कधी डिस्प्ले येतच नाही, कधी गेम खेळताना मध्येच काळा होतो. कार्ड थेट स्लॉटमध्ये लावून बघा. तसं चाललं तर बायोसमध्ये त्या स्लॉटचा वेग ‘ऑटो’वरून जेन ३ वर आणा आणि मगच रायझर परत लावा.

फार जुनं कार्ड नव्या बोर्डावर टाकलं असेल तर आणखी एक कारण संभवतं. त्या कार्डाच्या स्वतःच्या बायोसमध्ये युईएफआयचा (नव्या पद्धतीच्या बायोसचा) भाग नसतो आणि नव्या बोर्डावर जुन्या पद्धतीने सुरू होऊ देणारा सीएसएम मूळातच बंद असतो. कार्ड चांगलं, बोर्ड चांगला, पण सुरुवातीचा पडदा दिसत नाही. दुसरं कार्ड किंवा प्रोसेसरचं ग्राफिक्स वापरून बायोसमध्ये शिरा आणि सीएसएमचा पर्याय असेल तर तो चालू करा.

सीपीयूचा दिवा, किंवा एकही दिवा नाही

बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ८ पिनचं कनेक्टर असतं, प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याचं. ते राहून गेलं तर पंखे जोरात फिरतात आणि पुढे काहीच होत नाही. कॅबिनेटच्या पाठीमागून तिथवर केबल पोचवणं त्रासाचं असतं, म्हणून ते राहतं किंवा अर्धवट बसतं. ग्राफिक्स कार्डाची ८ पिनची केबलही दिसायला तशीच असते, पण प्रोसेसरची ४ अधिक ४ अशी सुटते आणि कार्डाची ६ अधिक २ अशी. खाचांचा आकार वेगळा असल्याने एकीच्या जागी दुसरी सहज जात नाही. जोर लावावा लागतोय म्हणजे केबल चुकीची आहे. महाग बोर्डांवर शेजारी आणखी ४ किंवा ८ पिना असतात. मशीन नुसतं सुरू होण्यासाठी त्या भराव्या लागत नाहीत.

मॉड्युलर (केबली सुट्या होणारा) एसएमपीएस बदलताना जुन्या केबली तशाच ठेवून नुसता डबा बदलायचा मोह होतो. तो टाळा. बोर्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र कोणतंही प्रमाण नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही तारांची मांडणी वेगळी असू शकते, आणि मग ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्क जळते.

आता कॅबिनेटची बटणं. त्यांच्यावर संशय क्वचितच घेतला जातो. रिसेटचं बटण आत अडकलं असेल तर प्रोसेसर रिसेटमधून बाहेरच येत नाही: पंखे चालू, बाकी सगळं ठप्प. पॉवरचं बटण अडकलं असेल तर मशीन सुरू होतं आणि सुमारे ४ सेकंदांनी बंद पडतं, दर वेळी तेवढ्याच अंतराने, कारण बटण ४ सेकंद दाबून ठेवणं हा सक्तीने बंद करण्याचाच संकेत आहे. दोन्ही बटणांच्या तारा बोर्डावरून काढा आणि पॉवरच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. मशीन नीट चाललं तर दोष कॅबिनेटच्या बटणात आहे. पिना कुठल्या ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या. बटणाच्या दोन तारांना उलट-सुलट नसतं, दिव्यांच्या तारांना असतं.

बटण दाबताच पंखा अर्धा वेढा घेऊन थांबतो, किंवा एसएमपीएसमधून नुसता ‘टक्’ आवाज येतो, असं असेल तर बोर्डाखाली शॉर्ट आहे का ते बघा. बोर्ड ज्या पितळी स्टँडऑफांवर बसतो ते एटीएक्स आकाराच्या बोर्डासाठी (३०५ × २४४ मिमी) एका जागी, मायक्रो एटीएक्ससाठी (२४४ × २४४ मिमी) थोडे वेगळ्या जागी लागतात. कॅबिनेटमध्ये आधीपासून लावलेला एखादा स्टँडऑफ तुमच्या बोर्डाच्या भोकाखाली नसला तर तो बोर्डाच्या पाठीवरच्या सोल्डरला टेकतो. बोर्ड ठेवण्याआधी त्याची भोकं आणि कॅबिनेटमधले स्टँडऑफ समोरासमोर मोजा. जास्तीचा दिसला तर काढून टाका. खाली सांडलेला एखादा स्क्रूही हेच करतो.

सॉकेट

सीपीयूचा दिवा लागून राहतोय आणि वीज ठीक आहे, किंवा रॅमचे ठरावीक दोनच स्लॉट चालत नाहीत, असं असेल तर प्रोसेसर काढून सॉकेट बघावं लागतं. दिवसाच्या उजेडात वरून पाहून काही कळत नाही. खोलीत थोडा अंधार करा आणि टॉर्च बाजूने, बोर्डाला जवळपास समांतर धरा. सगळ्या पिनांची टोकं एकाच दिशेला चमकतात आणि बारीक सरळ ओळी दिसतात. टॉर्च हळूहळू फिरवा. वाकलेली पिन असेल तिथे ओळीत एक ठिपका तरी विझलेला दिसतो, किंवा शेजारच्याच्या अंगावर कललेला दिसतो. मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघितलं तर आणखी स्पष्ट होतं. एएमडीच्या एएम५ सॉकेटमध्ये १७१८ पिना आहेत, इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये नावाप्रमाणे १७००. त्यातल्या पुष्कळशा रॅमच्या वाहिन्यांच्या असतात, म्हणूनच एक पिन वाकली तरी मशीन चालू राहून फक्त एका बाजूची रॅम गायब होऊ शकते. असं झालं की लोक रॅम बदलत बसतात.

पिना वाकतात त्या बहुधा बसवताना. प्रोसेसर हातातून तिरका पडतो किंवा सॉकेटचं प्लास्टिकचं झाकण घाईने काढलं जातं. झाकण आधी काढायचंच नसतं. प्रोसेसर ठेवून धातूची चौकट खाली घेतली की ते आपोआप उडून निघतं. एएमडीच्या आधीच्या एएम४ मध्ये उलटा मामला, तिथे पिना प्रोसेसरला असतात. कूलर काढताना वाळलेली पेस्ट प्रोसेसरला सॉकेटमधून उपटून काढते आणि पिना वाकतात. म्हणून काढण्याआधी मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून कूलर हलकेच डावीकडे-उजवीकडे पिळा, मग वर उचला.

कूलरही डिस्प्लेच्या तक्रारीला कारण होतो. एका बाजूने जास्त आवळला तर प्रोसेसरवरचा दाब विषम होतो आणि एखादी रॅम वाहिनी सुटते. स्क्रू कर्णाच्या क्रमाने, प्रत्येक वेळी थोडेथोडे आवळा. जुना कूलर नव्या बोर्डावर वापरत असाल तर आधीच्या इंटेल सॉकेटांमध्ये भोकांचं अंतर ७५ मिमी होतं, एलजीए १७०० मध्ये ७८ मिमी झालं आणि प्रोसेसरची उंचीही कमी झाली, हे लक्षात घ्या. ओढूनताणून बसवलेला जुना कूलर नीट टेकत नाही, मशीन सुरू होऊन थोड्याच वेळात गरम होऊन बंद पडतं. कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक काढायचं राहिलं तरी हेच होतं.

डीआरएएमचा दिवा

माझ्या अंदाजाने निम्म्याहून अधिक भानगडी इथेच असतात, म्हणून इथे जरा थांबू.

चार स्लॉटच्या बोर्डात रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. मॅन्युअलमध्ये त्यांना ए२ आणि बी२ म्हणतात. एकच पट्टी असेल तर ती ए२ मध्ये. याला कारण आहे. बहुतेक बोर्डांवर तांब्याच्या रेघा आधी जवळच्या स्लॉटला आणि तिथून पुढे लांबच्या स्लॉटला जातात. जवळचा भरून लांबचा रिकामा ठेवला तर रेघेचं उघडं टोक तसंच उरतं, तिथून सिग्नल परत फिरतो आणि येणाऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. कमी वेगाला हे खपून जातं, डीडीआर५ च्या वेगाला खपत नाही.

मग पट्टी नीट बसली आहे का ते बघायचं. अनेक बोर्डांवर खटका एकाच टोकाला असतो, दुसऱ्या टोकाला नुसती खाच. खटक्याच्या बाजूने दाबलं की ‘टक्’ होतं आणि आपलं समाधान होतं, पण खाचेकडचं टोक अर्धा मिलिमीटर वर राहिलेलं असू शकतं. आधी खाचेकडचं टोक बसवा, मग खटक्याकडचं, आणि शेवटी दोन्ही अंगठ्यांनी एकदम दाबा. त्यानंतर डोळा बोर्डाच्या पातळीला आणून पट्टीच्या खालची सोनेरी रेघ बघा. ती दोन्ही टोकांना सारखीच झाकलेली दिसली पाहिजे. एका बाजूला जास्त सोनं दिसतंय म्हणजे ती बाजू वर आहे. बोर्ड कॅबिनेटमध्ये लावून झाल्यावर रॅम दाबली तर बोर्ड मधोमध वाकतो. म्हणून प्रोसेसर आणि रॅम बाहेरच, बोर्डाच्या खोक्यावर ठेवून बसवलेली बरी.

खोडरबराने रॅमचे संपर्क घासायचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षानुवर्षं धूळ खाल्लेल्या मशीनला तो लागूही पडतो. नव्या रॅमवर मात्र घासण्यासारखं काही नसतं आणि रबराचे कण स्लॉटमध्ये जाऊन नवीनच दुखणं उभं राहतं. साफ करायचंच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरा. खोडरबराच्या उपायाने मशीन सुरू होतं तेव्हा पुष्कळदा श्रेय पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवण्याचं असतं.

डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ संपर्क असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी जात नाही, आणि जोर केला तर स्लॉट तुटतो. एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारांत निघाले, एकाच नावाचे, शेवटी फक्त डी४ किंवा डीडीआर४ असा फरक. खोक्यावरचं पूर्ण नाव वाचा.

यानंतर सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. डीडीआर५ च्या बोर्डाला, विशेषतः एएम५ च्या, पहिल्यांदा सुरू होताना रॅमच्या ट्रेनिंगला काही मिनिटं लागतात. रॅम जास्त असेल तर आणखी. या वेळात पडदा काळा असतो आणि डीआरएएमचा दिवा लागलेला असतो, म्हणजे बिघाडाचं चित्र हुबेहूब. इथे धीर सुटतो, बटण दाबून मशीन बंद केलं जातं, पुन्हा चालू केलं जातं, आणि ट्रेनिंग पहिल्यापासून सुरू होतं. असंच चालू-बंद करत अख्खी संध्याकाळ जाते आणि शेवटी बोर्ड परत पाठवला जातो. पंधरा मिनिटं हात लावू नका. मशीन मध्येच स्वतःहून बंद होऊन सुरू झालं तरी होऊ द्या. बायोस अपडेट केल्यावर, सीमॉस साफ केल्यावर (म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर आणल्यावर) किंवा रॅम बदलल्यावर हे पुन्हा एकदा होतं.

एवढं करूनही दिवा तसाच असेल तर एकच पट्टी ए२ मध्ये ठेवा. मग दुसरी पट्टी त्याच स्लॉटमध्ये. मग पहिली बी२ मध्ये. पट्टी बदलल्याने फरक पडतो की स्लॉट बदलल्याने, हे कागदावर लिहीत जा. दोन्ही पट्ट्या ए२ मध्ये चालतात आणि बी२ मध्ये एकही नाही, तर रॅम निर्दोष आहे, सॉकेटकडे परत जा.

कधी येतो, कधी येत नाही

रात्रभर बंद राहिलेलं मशीन सकाळी डिस्प्ले देत नाही आणि एकदा रिसेट केलं की सुरळीत चालतं, या तक्रारीत आधी बायोसमधलं एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला खोक्यावरच्या वेगाने चालवणारं प्रोफाइल) बंद करा. रॅमच्या खोक्यावर लिहिलेला ६००० वगैरे वेग हा खरं तर ओव्हरक्लॉक असतो, प्रोसेसर बनवणाऱ्याने तेवढ्याची हमी दिलेली नसते. रायझन ७००० ला एएमडी दोन पट्ट्यांवर ५२०० आणि चार पट्ट्यांवर फक्त ३६०० चा वेग सांगते. चार पट्ट्या भरून ६००० ची अपेक्षा ठेवली तर ट्रेनिंग कधी जमतं, कधी फसतं. थंड बोर्ड आणि गरम बोर्ड यांत सिग्नलची वेळ किंचित बदलते, तेवढा फरक काठावरच्या रॅमला पुरतो.

प्रोफाइल बंद करून काही दिवस मशीन दर सकाळी नीट सुरू झालं तर कारण सापडलं. मग एक पायरी कमी वेग निवडा, किंवा नवा बायोस टाकून पुन्हा पूर्ण वेग आजमावा. एएम५ वर ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ नावाचा पर्याय असतो. तो चालू असला की आधीचं ट्रेनिंग वापरून मशीन झटकन सुरू होतं, पण रॅम काठावर असेल तर त्याच जुन्या ट्रेनिंगवर विंडोज निळा पडदा दाखवतं. तो बंद केला तर रोज थोडा उशीर सोसावा लागतो. वेग आणि निश्चिंती यांत मी दुसरी निवडतो. सेटिंग पक्की केल्यावर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. एकही चूक दाखवली तर ती सेटिंग बाद.

प्रोफाइल बंद असूनही हेच होत असेल, तर दुसरा एसएमपीएस लावून बघा. मल्टिमीटर असेल तर १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ च्या आत आहे का ते तपासा, मात्र मल्टिमीटर सुरू होतानाचा क्षणिक झोल दाखवत नाही, म्हणून खरा निवाडा दुसऱ्या एसएमपीएसनेच होतो. मशीन वेळ विसरत असेल आणि बायोसच्या सेटिंग्ज उडत असतील तर बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी मोजा. ३ व्होल्टची ती २.७ च्या आसपास उतरली असेल तर बदला.

डिस्प्ले येतो पण विंडोज वारंवार कोसळतं आणि प्रोसेसर इंटेलचा तेराव्या किंवा चौदाव्या पिढीतला ताकदवान आहे, तर बायोसची तारीख आधी बघा. या प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजमुळे झीज होत असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं आणि ऑगस्टमध्ये ०एक्स१२९, सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे अपडेट) दिले. ते बोर्डाच्या बायोस अपडेटमधून येतात. झालेली झीज अपडेटने भरून निघत नाही, पुढची थांबते. इंटेलने अशा प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, तिचा उपयोग करून घ्या.

बायोस जुना, प्रोसेसर नवा

सॉकेट जुळलं म्हणजे बोर्ड जुळला, असं धरून खरेदी झाली की डिस्प्लेची तक्रार घेऊनच मशीन जन्माला येतं. एएम४ चे बी५५० बोर्ड जून २०२० मध्ये आले, रायझन ५००० मालिका त्याच वर्षी नोव्हेंबरात. सुरुवातीला बनलेल्या बोर्डाला हा प्रोसेसर ओळखूच येत नाही. एलजीए १७०० मध्ये बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी बसते, पण ६०० मालिकेच्या बोर्डांना पुढच्या दोन पिढ्यांसाठी बायोस अपडेट लागतं. एएम५ चे बी६५० बोर्ड आणि रायझन ९००० यांचंही तेच. आणि कधीकधी सॉकेटचं नाव सारखं असूनही काही उपयोग नसतो: एलजीए ११५१ च्या १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांवर आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर चालत नाहीत.

म्हणून घेण्याआधी बोर्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची प्रोसेसर यादी उघडा. तुमच्या प्रोसेसरसमोर किमान बायोस आवृत्ती लिहिलेली असते. ती आवृत्ती कोणत्या तारखेची आहे ते डाउनलोडच्या पानावर बघा. त्या तारखेआधी बनलेला बोर्ड हातात पडला तर अपडेटची तयारी ठेवा. बोर्डाच्या मागे ‘फ्लॅशबॅक’चं बटण असेल तर प्रोसेसर आणि रॅम नसतानाही बायोस टाकता येतो: पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, मॅन्युअलमध्ये सांगितलेलं नाव फाइलला द्या, ठरलेल्या यूएसबी तोंडात लावा, बटण दाबा आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज तोडू नका. चार दिव्यांनंतर माझा दुसरा हट्ट या बटणाचा.

त्याच खरेदीत रॅमची यादीही बघा, आणि ताकदवान प्रोसेसर घेत असाल तर बोर्डाचा व्हीआरएम (प्रोसेसरला हवा तो व्होल्टेज बनवून देणारा भाग). आय९-१३९००के २५३ वॉटपर्यंत जातो, रायझन ९ ७९५०एक्स २३० पर्यंत. साध्या एच६१० बोर्डावर असा प्रोसेसर सुरू होतो, पण काम वाढलं की व्हीआरएम तापतो आणि वेग पडतो. ही तक्रार डिस्प्लेची नसल्याने ती महिनोन्महिने कळतही नाही.

बूटचा दिवा

इथवर पोचलात तर बोर्ड चांगला आहे. जुनी डिस्क नव्या बोर्डावर लावली असेल आणि ती एमबीआर या जुन्या विभागणीची असेल तर युईएफआय तिच्यावरून विंडोज सुरू करत नाही. विंडोजमधलं एमबीआर२जीपीटी हे साधन डेटा न पुसता ती जीपीटी या नव्या विभागणीत बदलून देतं, तरी बॅकअप आधी घ्या. एम.२ स्लॉट (थेट बोर्डावर बसणाऱ्या डिस्कचा) भरल्यावर केबलने जोडायच्या डिस्कचे काही सॅटा पोर्ट बंद होऊ शकतात, कोणते ते मॅन्युअलच्या तक्त्यात असतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू असेल तर बोर्ड बदलण्याआधीच ४८ आकड्यांची रिकव्हरी की काढून ठेवा, कारण तिचं कुलूप जुन्या बोर्डाच्या किंवा प्रोसेसरच्या टीपीएमशी (किल्ली जपणाऱ्या सुरक्षा भागाशी) बांधलेलं असतं.

बोर्ड खरंच गेला का?

सगळं कॅबिनेटबाहेर काढा. बोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीवर नको, तिच्या बाहेरच्या थरातून वीज वाहू शकते. प्रोसेसर, कूलर, ए२ मध्ये एक पट्टी, २४ पिन आणि ८ पिन, आणि चित्रासाठी लागेल तेवढंच. यूएसबी, डिस्क, पुढच्या पॅनेलच्या तारा काही नको. वीज तोडून सीमॉस साफ करा आणि पिनांना स्क्रू ड्रायव्हर टेकवून सुरू करा. इथे चाललं तर एकेक गोष्ट परत जोडत जा, जिच्यानंतर थांबेल ती सापडली. इथेही तोच दिवा लागून राहिला, आणि प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस तिन्ही दुसऱ्या मशीनवर चालून दाखवतात, बायोसही योग्य आहे, तर बोर्ड परत करायला हरकत नाही.

पाठवण्याआधी सॉकेटचा टॉर्चच्या उजेडात स्पष्ट फोटो काढून ठेवा आणि प्लास्टिकचं झाकण परत बसवा. अनेक कंपन्या झाकणाशिवाय आलेला बोर्ड घेत नाहीत, आणि वाटेत पिन वाकली तर दोष तुमच्या माथी येतो. कोणता दिवा लागून राहतो, कोणती आवृत्ती टाकून पाहिली, कोणत्या स्लॉटमध्ये काय झालं, हे तक्रारीत लिहा. नुसतं ‘डिस्प्ले येत नाही’ असं लिहिलं तर तिकडचा माणूस आपल्या रॅमवर आणि आपल्या प्रोसेसरवर बोर्ड चालवून बघतो, चालला की ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी लावून परत पाठवतो.